आमच्या शाळेचे बीएम

आमच्या शाळेच्या क्लार्कना सेनगावपासून कनेरगाव नाक्यापर्यंत सगळे ‘बीएम’ म्हणत, आणि बीएम म्हणजे काय असं विचारलं तर जो तो आपल्या मनाचं उत्तर देई. जीपवाल्यांच्या मते ती बीए आणि एमए यांच्या मधली एखादी परीक्षा होती. पोस्टमन खात्रीनं सांगायचा की ते पूर्वी बँक मॅनेजर होते. आमच्या संस्थेच्या एका संचालकांनी तर भर सभेत त्यांची ओळख ‘बिल्डिंग मॅनेजर’ अशी करून दिली आणि पाचवीच्या खोलीवरचे पत्रे कधी बदलणार, असंही तिथल्या तिथं विचारून घेतलं. मी शाळेत नवी लागले तेव्हा मला ते त्यांचं आडनावच वाटलं होतं आणि हजेरीच्या कागदावर मी ते तसं लिहिलंही होतं.

शेवटी मी त्यांनाच विचारलं. त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं, टेबलावरची डिंकाची बाटली मध्यभागी ठेवली आणि तिच्या बाजूला खोडरबर ठेवला.

“ही बाटली म्हंजे ब्रिगेडियर साहेब. कमांडर. त्यांच्या हाताखाली तीन-चार पलटनी. आता कमांडरनं लढाई करायची का नकाशावर रेघा मारत बसायच्या? म्हनून त्यांच्या बाजूला एक मेजर बसतो. हा खोडरबर. त्याला म्हनायचं ब्रिगेड मेजर, बीएम. कुठून जायचं, कवा जायचं, वाटंत नदी हाय का, पानी कुठं भेटंल, दुश्मन काय करंल, सारा विचार त्यानं करायचा. हुकूम मात्र बाटलीचा.”

“आणि तुम्ही ते मेजर होता?”

“छ्या. मी मेजर साहेबाचा क्लार्क. हवालदार.”

ही दुरुस्ती ते सुरुवातीची काही वर्षं प्रत्येकाला सांगत होते. लोकांनी त्यातला क्लार्क गाळला आणि बीएम ठेवला. न मिळालेली पदवी मिरवल्यासारखं होतं याचा त्यांना खरोखर संकोच वाटायचा. चौकात कुणी “काय बीएम साहेब” म्हणून हाक मारली की ते हात वर करून उत्तर द्यायचे आणि हळूच पुटपुटायचे, “क्लार्क.” ते ऐकू येण्याइतक्या जवळ बहुतेक वेळा मीच असायची.

फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले ते नव्वदच्या दशकात, माझ्या आधी थोडे दिवस. सेनगावजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे. बुटके, रुंद खांद्याचे, पांढरा शर्ट पॅन्टीत खोचलेला, आणि दोन्ही कानांवर एकेक लेखणी. डाव्या कानावर पेन्सिल, उजव्या कानावर पेन. “प्लॅन पेन्सिलनं, हुकूम पेनानं,” असं ते म्हणत. पेननं विचार करणाऱ्या माणसाचा त्यांना भरवसा नव्हता. तसली माणसं त्यांना शिक्षण खात्यात बरीच दिसत.

आमचे मुख्याध्यापक अतिशय सज्जन गृहस्थ. कविता शिकवायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होत. पण निर्णय तेवढा त्यांना घेता येत नसे. स्नेहसंमेलन कोणत्या वारी, या प्रश्नावर त्यांनी दोन आठवडे सगळ्यांचं मत घेतलं असतं आणि तिसऱ्या आठवड्यात संमेलन पुढच्या वर्षावर ढकललं असतं. अशा माणसाला बीएम मिळाले हे शाळेचं नशीब, आणि त्या माणसाचे हाल. बीएम कधीच स्वतः निर्णय घेत नसत. ते कागद घेऊन आत जात, “पर्याय ए, पर्याय बी, माझी शिफारस ए” असं म्हणत आणि सावधान उभे राहत. मुख्याध्यापक म्हणत, “तुम्हीच ठरवा हो.” ते म्हणत, “न्हाई सर. मी ठरवलं तर तुमी कशाला?” आणि तसेच उभे राहत. एकदा मुख्याध्यापक मागच्या दारानं निघाले आणि मिळेल त्या जीपनं हिंगोलीला गेले. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा बीएम तोच कागद घेऊन दारात होते.

पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले. त्या वर्षीच्या संमेलनाचा मांडव मैदानात टाकायचा की वर्गखोल्यांच्या आडोशाला, यावर त्यांची शिफारस आडोशाची होती. वाऱ्याचे दिवस होते. मुख्याध्यापकांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ठामपणे मैदान सांगितलं. बीएमनी बराच वेळ वाद घातला. निर्णय बदलला नाही तेव्हा ते बाहेर आले आणि मैदानातल्या मांडवासाठी असे राबले की बघणाऱ्याला वाटावं, ही कल्पना यांचीच. मांडव उडायचा तो उडालाच, नाटकातला राजा कनातीखाली सापडला. मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना.” ते माझ्यावर चिडले. “म्याडम, हुकूम निघेस्तोवर बीएमनं भांडायचं. हुकूम निघाला की तो प्लॅन आपला. मंग ‘मी सांगितलं व्हतं’ म्हनायचं न्हाई. तसं म्हननारा बीएम न्हाई, शेजारी हाय.”

त्यांची प्रत्येक सूचना पाच मथळ्यांत असे. खबर, मकसद, तरीका, इंतजाम, सिग्नल. फौजेत हुकूम याच क्रमानं देतात म्हणे. वार्षिक तपासणीची सूचना त्यांनी याच पद्धतीनं काढली आणि स्टाफरूमच्या भिंतीवर लावली. ‘खबर’ या मथळ्याखाली ‘दुश्मन’ असा पोटमथळा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, तपासणी अधिकारी, नफरी (म्हणजे माणसं) दोन, जीपनं कनेरगाव नाक्याकडून येणार, नाक्यावर भजी गरम असल्यास उशीर. तो कागद काढायचं कुणाच्याही ध्यानात राहिलं नाही. तपासणी अधिकारी चहा पिता पिता भिंतीपाशी गेले आणि चष्मा लावून वाचू लागले. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. अधिकारी वळून म्हणाले, “भजी गार होती हो आज.” त्या वर्षीचा आमचा शेरा चांगला होता.

मला स्वतःला शिस्तीचा कंटाळा. मी उशिरा येणारी, रजेचा अर्ज रजेनंतर देणारी. चुलत बहिणीच्या डोहाळजेवणासाठी अर्धी रजा मागायला गेले तर बीएम विचारणार, “मकसद?” मी म्हणायची, “जेवण.” ते शांतपणे लिहून घ्यायचे आणि परतीच्या एसटीची वेळ आपणहून सांगायचे. वैताग यायचा. पण नंतर माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली तेव्हा पहिल्या रजेच्या वेळी परतीची एसटी मला कुणीच सांगितली नाही, आणि मी स्टँडवर बसून त्यांची आठवण काढली.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, “या मुलखात कमांडर लई झाले, बीएम कमी पडून राहिले.” त्यांच्या हिशेबात जगात प्रत्येक कामाला एक कमांडर असतो, ज्याची ती लढाई असते तो. बाकीच्यांनी त्याचे बीएम व्हायचं, किंवा डीक्यू. डीक्यू म्हणजे ब्रिगेडमधला दुसरा मेजर, जो धान्य, तंबू, गाड्या बघतो. घराघरात भांडणं होतात ती सगळे एकाच वेळी कमांडर झाल्यामुळे, असं त्यांचं निदान होतं. यावर त्यांच्याशी वाद घालायला मला आवडायचं, कारण ते वाद घालताना फार छान चिडायचे.

या हिशेबाचा झटका गावांना बसला तो लग्नात. शाळेची सहल, संमेलन यांची आखणी बघून लोक लग्नाच्या आखणीला त्यांना बोलवू लागले. फुकटचा माणूस, आणि वक्तशीर. साखरा गावच्या एका शेतकऱ्यानं थोरल्या मुलीच्या लग्नासाठी बोलावलं तेव्हा मीही बरोबर गेले होते, मुलगी माझी विद्यार्थिनी म्हणून. ओसरीवर बसायला घोंगडी टाकली होती, चहा आला. बीएमनी पेन्सिल काढली आणि विचारलं, “कमांडर कोन?”

“म्हंजे?”

“लगीन कोनाचं?”

“पोरीचं.”

“मंग बोलवा तिला. मकसद तिला इचारावा लागंल.”

शेतकऱ्याचा चेहरा तांबडा झाला. “अवो, बाप मी हाय. खर्च मी करून राहिलो.”

“खर्च म्हंजे इंतजाम,” बीएम समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुमी डीक्यू.”

मला हसू आवरेना म्हणून मी कपात तोंड घातलं. घरात बरीच कुजबुज झाली, मग मुलगी दाराशी आली, पदर सावरत. बीएम उठून उभे राहिले. खरोखर उभे राहिले, वरिष्ठ आल्यावर राहतात तसे. “बाई, तुमच्या लग्नात तुमाला काय पायजे?” मुलीनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, “मला उपाशी ठेवू नका. मावशीच्या लग्नात सारे जेवले आन् मावशी संध्याकाळस्तोवर उपाशी व्हती. तिला भोवळ आली.”

बीएमनी लिहून घेतलं. त्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी नवरीचं ताट वाढलं गेलं, दार लावून, निवांत. म्हाताऱ्या बायांनी नाकं मुरडली. पण पुढच्या हंगामात आणखी दोन घरांतल्या पोरींनी तेच मागितलं, आणि बीएमचं नाव बायकांमध्ये झालं. पुरुषांमध्ये ते थोडं खराब झालं. आपल्या घरात कुणी येऊन आपल्याला डीक्यू म्हणावं हे फार थोड्या बापांना मानवतं.

तांड्यावरच्या त्यांच्या घरी मी पुष्कळदा गेले आहे. त्यांच्या पत्नी उंच, सडसडीत, आवाज मोठा. नवऱ्याच्या फौजी बोलण्याला त्यांनी कधी भीक घातली नाही. “ह्यांची लढाई झाली का? मग पानी भरा,” म्हणायच्या. मी गेले की बीएमना पूर्वजांची आठवण यायची. “आमचे जुने लोक बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरायचे म्याडम. बादशहाची फौज असो, निजामाची असो, तिच्या मागं आमचे तांडे. म्हंजे आमी पिढ्यान् पिढ्या डीक्यू ब्रँच. बीएमच्या हापिसात बसनारा खानदानातला मी पयला.” हे सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान असे तो मला फार आवडायचा. त्यांची बायको आतून विचारायची, “बैल कुनी हाकले? बायांनीच ना?” आणि ते घागर उचलून पाण्याला निघायचे.

त्यांना एकच मुलगी. माझ्या वर्गात होती, शांत, अक्षर सुरेख. नंतर हिंगोलीला कॉलेजात गेली. हिंगोली नवा जिल्हा झाल्यानंतरची दोन-तीन वर्षं असतील. वाशीमकडच्या एका तांड्यावरून तिला स्थळ आलं. मुलगा एसटीत कंडक्टर, घर चांगलं, माणसं रीतीची. बीएम हरखून गेले. आणि त्यांनी आखणी सुरू केली.

तांड्यात सोयरीक पक्की होते ती गुळानं. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक बसतो, पंच बसतात, दोन्हीकडचे पाहुणे बसतात आणि गूळ वाटला जातो. तो तोंडात गेला की शब्द झाला. मग माघार घेणाऱ्याला पंचांपुढे उभं राहावं लागतं, आणि दोन तांड्यांचं बोलणं तुटतं ते वेगळंच. त्यामुळे गुळाचा दिवस मोठा. त्या दिवसासाठी बीएमनी काय काय योजलं होतं म्हणून सांगू. पाहुण्यांच्या जीपा कुठल्या सावलीत लावायच्या, मांडवात ऊन कोणत्या बाजूनं सरकेल आणि त्याप्रमाणे म्हाताऱ्यांना कुठे बसवायचं, पाण्याचे माठ कुठे, चुलवणाचा धूर कुठल्या दिशेला जाईल. मला त्यांनी सकाळीच बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा ते मांडवाच्या मागे, आचाऱ्याजवळ उभे होते, कानावर पेन्सिल, अंगात नवा शर्ट. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, “म्याडम, जिंदगीत एवढा बराबर प्लॅन मी केला न्हाई.” पाहुणे येऊन बसले होते. पंच बसत होते. परातीतल्या गुळावर फडकं टाकलेलं होतं.

तेवढ्यात त्यांची मुलगी मागच्या बाजूनं आली. नवी साडी, हातभर बांगड्या. बापाशी ती नेहमी गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली, मला समजावं म्हणूनच असेल.

“बापू, साखऱ्याच्या पोरीला तुमी इचारलं व्हतं.”

“व्हय.”

“मला कुनी इचारलं?”

त्यांचा हात नकळत कानाकडे गेला आणि पेन्सिल न काढताच खाली आला. या माणसानं परक्यांच्या ओसरीवर बापांना डीक्यू करून मुलींना पुढे बोलावलं होतं. आणि आपल्या घरात ऊन कुठून येईल हेही बघितलं, पण तिला विचारायचं राहून गेलं. आनंदाच्या भरात राहून गेलं, दुसरं काही नाही. मला त्यांची दया आली, आणि रागही आला. इतक्या वेळा जेवले मी त्या घरी, मलाही सुचलं नव्हतं.

त्यांनी सावधान उभं राहत चपलांच्या टाचा जुळवल्या.

“मकसद काय?”

“मला हे लगीन नको.”

“अजून?”

“एवढंच.”

मी मध्ये बोलले, “अगं पण कारण काय? मुलगा काही म्हणाला का?” बीएमनी हात आडवा करून मला थांबवलं. “कारन इचारायचं न्हाई म्याडम. मकसद इचारायचा. तिनं सांगितला.” आणि खरोखर, ते कारण त्यांनी तेव्हा विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मला आजही माहीत नाही.

ते तिच्याशी बोलू लागले ते शाळेतल्या आवाजात, पण घाईनं. “पर्याय ए. आज गूळ होऊ द्यायचा, नंतर हळूच मोडायचं. त्यात पंच येतात, दंड येतो, तुझं नाव दोन्ही तांड्यांत खराब होतं. पर्याय बी. माझ्या छातीत दुखून राहिलं म्हनून मी आडवा होतो. कार्यक्रम पुढं जातो. तवर वाट काढू. माझी शिफारस बी.”

“खोटं बोलून किती दिस ढकलसाल? मी जाऊन सांगते. आत्ताच, गुळाच्या आधी.”

“पंचांपुढं आपल्या बाया बोलत न्हाईत.”

“माहीत हाय.”

“पाहुने लई बोलतील. मलाबी, तुलाबी.”

“बोलू द्या.”

“पोरी, अजून एकदा इचार कर. बी मध्ये कुनाची इज्जत जात न्हाई.”

“माझी जाते,” ती म्हणाली.

यापुढे ते भांडले नाहीत. त्यांनी शर्टाची घडी सारखी केली, दोन्ही कानांवरच्या लेखण्या काढून खिशात ठेवल्या आणि म्हणाले, “चल.” तिला पुढे जाऊ दिलं आणि स्वतः तिच्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागे चालू लागले. शाळेत ते मुख्याध्यापकांबरोबर असेच चालत. मी माझा चहा तिथेच ठेवला आणि मागोमाग गेले.

आम्ही मांडवात शिरलो. नायकानं परातीवरचं फडकं काढायला हात घातला होता, तो तसाच राहिला. ती उभी राहिली, सगळ्यांना हात जोडले आणि आधी गोरमाटीत, मग माझ्यासारख्या बाहेरच्यांसाठी मराठीत म्हणाली, “मला हे लगीन करायचं न्हाई. तुमच्या घरात काई वाईट न्हाई. गूळ खायच्या आधी सांगून राहिले. माफ करा.”

तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळा मांडव तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होता. मुलाचा काका उठून म्हणाला, “फौजी, पोरगी काय बोलून राहिली? तुमी बोला की.”

“मला काहून बघता?” बीएम म्हणाले. “तिच्याकडं बघा. लगीन तिचं हाय.”

“मंग तुमी इथं कशाला उभे?”

“माझी चूक सांगाया. तिला न इचारता तुमाला बोलावनारा मी. त्याचा दोष माझ्या नावावर धरा. ती खरं बोलली, गुळाच्या आधी बोलली. तिला दोष न्हाई.”

मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, शिकवल्याचा परिणाम. कुणी माझ्याकडेही बोट दाखवलं. बीएमच्या सख्ख्या भावानं सर्वांदेखत त्यांना सांगितलं की आजपासून तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, आणि तो शब्द त्यानं पुष्कळ वर्षं पाळला. गावोगावची लग्नाची बोलावणीही पुढे थांबली. ते प्रत्येकाचं ऐकत उभे होते, मान वर, हात मांड्यांना चिकटलेले. कुणाला उलट बोलले नाहीत, आणि तिच्यापासून ते एक पाऊल हललेही नाहीत. शेवटी नायक गुडघ्यांवर हात टेकून उठला. “गूळ खाल्ला न्हाई, तवा शब्द झाला न्हाई. उठा मंडळी,” म्हणाला. आणि बीएमकडे न बघता जोडे घालून निघून गेला. कंडक्टर मुलगा सगळ्यांत शेवटी उठला. त्यानं तिला नमस्कार केला आणि आचाऱ्याकडून तांब्याभर पाणी मागून प्यायला. मला तो पोरगा आवडला, हेही सांगून टाकते.

जीपा गेल्या तशी मुलगी वळली आणि जवळजवळ पळतच घरात गेली. आतून दार लोटल्याचा आवाज आला. मांडवात बीएम एकटे उरले. ते दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पुढे काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं. आतल्या रडण्याला कुठला मथळा द्यायचा, हे कुठल्याच मेजर साहेबानं त्यांना सांगितलं नसणार. त्यांनी खिसा चाचपला, पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

त्यांची बायको चुलवणाकडून आली. नवऱ्यावर आता तिचा तो मोठा आवाज कोसळणार म्हणून मी अंग चोरलं. ती अगदी हळू बोलली.

“फौजेचं झालं तुमचं. बराबर केलं. आता आत जा. तिला बाप पायजे.”

त्यांनी चपला काढल्या, दार ढकललं आणि वाकून आत गेले.

बाहेर आम्ही दोघी. मी कान देऊन ऐकत होते, खोटं कशाला बोलू. आतून हुंदक्यांचा आवाज आला, मोठा, पुरुषी, थांबता न थांबणारा. आणि मागोमाग मुलीचा आवाज, गोरमाटीत, लेकराला समजवावं तसा.

त्यांच्या बायकोनं डोळे पुसले आणि माझ्यासाठी पाट पुढे सरकवला. “बसा म्याडम,” म्हणाली. “च्या ठेवते. यांना वेळ लागंल.”